पोहरा मोठा, आड कोरडा

मोबाइलची बॅटरी मोठी झाली म्हणजे संकटकाळी संपर्क टिकेल, ही समजूत रायगडच्या किनाऱ्यावर एकदा खोटी ठरली आहे. प्रश्न केवळ यंत्राच्या आयुष्याचा नाही. वीज साठवून ठेवण्याची जबाबदारी कोणाची, याचा आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने काही तासांत मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब रांगेने कोसळले. या हानीची मोजदाद पुढे झाली, पंचनामे झाले, मदतही जाहीर झाली. मात्र त्या पहिल्या काही दिवसांतील एका हानीचा पंचनामा कोणत्याच तलाठ्याने केला नाही. ती हानी म्हणजे संपर्काची. दिवेआगर, हरिहरेश्वर, भरडखोल अशा गावांतील माणसे सुखरूप आहेत की नाहीत, हे मुंबईत, पनवेलला राहणाऱ्या त्यांच्या मुलाबाळांना कळायला मार्ग नव्हता. करोनाच्या टाळेबंदीमुळे एरवी पहिल्या एसटीने गावाकडे धावणारा चाकरमानी जागच्या जागी अडकला होता. दूरध्वनी हाच काय तो दुवा होता आणि तोच तुटला होता.

या घटनेकडे आपण वादळाच्या तडाख्याचा अपरिहार्य भाग म्हणून पाहतो. टॉवर वाऱ्याने पडले, तारा तुटल्या, मग संपर्क कसा राहणार, असा त्यामागचा साधा तर्क असतो. तो अर्धाच खरा आहे. असंख्य ठिकाणी टॉवर उभेच होते. फक्त त्यांना वीज नव्हती. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या बॅटऱ्या काही तास चालल्या. जनरेटरमधील डिझेल आणखी काही काळ पुरले. त्यानंतर रस्त्यावर आडवी पडलेली झाडे दूर होऊन नवे डिझेल येईपर्यंत टॉवर मुका झाला. लोकांच्या हातातील मोबाइल मात्र अजून जिवंत होते. गाडीच्या बॅटरीवर, ट्रॅक्टरवर, कुणाच्या तरी जनरेटरवर ते चार्ज करून घेण्याची धडपड गावोगाव सुरू होती. चार्ज केलेल्या मोबाइलच्या पडद्यावर 'नो सर्व्हिस' एवढीच अक्षरे उमटत होती.

आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. गेल्या वीस वर्षांत आपण पोहरा मोठा करीत गेलो. आडाकडे पाहिलेच नाही.

मोठ्या बॅटरीची गोष्ट

पोहरा किती मोठा झाला, हे आधी पाहू. २००३ मध्ये बाजारात आलेला नोकिया ११०० हा फोन अनेकांना आठवत असेल. त्याच्या डोक्यावरचा छोटा टॉर्च कोकणातल्या पायवाटांवर फार उपयोगी पडे. त्यातील बॅटरी ८५० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, क्षमतेची होती. आज साध्या स्मार्टफोनमध्येही ५००० एमएएच बॅटरी असते. २०२० मध्येच सॅमसंगने गॅलेक्सी एम-५१ हा ७००० एमएएचचा फोन भारतात आणला होता आणि आता सिलिकॉन-कार्बन पद्धतीच्या बॅटऱ्यांमुळे तेवढी किंवा त्याहून मोठी क्षमता पातळ फोनमध्येही बसू लागली आहे.

हा आकडा नीट समजून घेण्यासाठी त्याला व्होल्टने गुणले पाहिजे. तेव्हा खरी साठवलेली ऊर्जा कळते. ती वॉट-तासांत मोजतात. जुन्या नोकियात सुमारे ३ वॉट-तास ऊर्जा मावत असे. आजच्या फोनमध्ये सुमारे १९. म्हणजे साठा सहापट झाला. तरीही जुना फोन एकदा चार्ज केला की बरेच दिवस चाले. कंपनीने जाहीर केलेला त्याचा स्टँडबाय काळ ४०० तासांपर्यंतचा होता. आजचा फोन रात्री उशाशी चार्जिंगला लावावाच लागतो. साठा सहापट होऊनही टिकण्याचा काळ घटला, कारण खर्च त्याहून अधिक वेगाने वाढला. मोठा रंगीत पडदा, वेगवान प्रोसेसर, सतत चालू असलेले इंटरनेट, पार्श्वभूमीत धावणारी अनेक ॲप्स हे सारे त्याच १९ वॉट-तासांत भागवावे लागते. पगार वाढला तरी महिनाअखेर खिसा रिकामाच, असा हा प्रकार आहे.

त्यात आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. टॉवर दूर असला किंवा बंद पडला, की फोन अधिक शक्ती लावून हाक मारू लागतो आणि पुन:पुन्हा नवा टॉवर शोधत राहतो. म्हणजे ज्या क्षणी बॅटरी जपून वापरायची, नेमक्या त्याच क्षणी ती सर्वांत वेगाने संपते. वादळात संपर्क तुटल्यावर फोन 'एअरप्लेन मोड'वर टाकून दिवसातून दोन-तीनदाच उघडून पाहणे हा पॉवर बँक विकत घेण्याहून स्वस्त आणि अधिक परिणामकारक उपाय आहे.

पॉवर बँकेचेही गणित तपासून पाहण्यासारखे आहे. वेष्टनावर १०,००० एमएएच छापलेले असते, तेव्हा घेणाऱ्याला वाटते की ५००० एमएएचचा फोन दोनदा पूर्ण भरेल. प्रत्यक्षात तो साधारण दीड वेळ भरतो. आतल्या घटांचा दाब ३.७ व्होल्ट असतो, तो ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो आणि या उलाढालीत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. याखेरीज रस्त्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पॉवर बँकांवरचे आकडे पुष्कळदा निव्वळ शोभेचे असतात. पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, ती यासाठीच. विमानात १०० वॉट-तासांपेक्षा मोठी पॉवर बँक परवानगीशिवाय नेता येत नाही आणि कोणतीही पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकता येत नाही, या नियमामागेही कारण आहे. लिथियम-आयन बॅटरीत ऊर्जा दाटीवाटीने भरलेली असते आणि ती बिघडली तर पेट घेते. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट-७ हा फोन जगभरातून परत घ्यावा लागला. एका पुरवठादाराच्या बॅटरीत आतील पट्ट्यांसाठी आवरणात पुरेशी जागाच उरली नव्हती, हे नंतरच्या तपासात उघड झाले. लहान जागेत मोठी बॅटरी कोंबण्याला भौतिकशास्त्राची मर्यादा आहे, हा त्या प्रकरणाचा धडा होता.

तेव्हा मोठी बॅटरी निरुपयोगी आहे असे नाही. ती घ्यावी, चांगली घ्यावी, चार्ज करून ठेवावी. मात्र ती आपल्याला काही तासांची, फार तर दोन-तीन दिवसांची उसंत देते. दोन आठवड्यांच्या अंधारात तिचा टिकाव लागत नाही. आणि समोरचा टॉवर बंद असेल, तर पहिल्या तासालाही तिचा उपयोग नसतो.

जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली?

येथे थोडे मागे जायला हवे. घराघरांत तारेचा दूरध्वनी होता, त्या काळी वीज गेली तरी फोन बंद पडत नसे. अनेक वाचकांना हे आठवत असेल. पण त्यामागचे कारण क्वचितच विचारले गेले. त्या फोनला लागणारी वीज घरातून येतच नव्हती. ती तांब्याच्या त्याच तारेतून टेलिफोन एक्स्चेंजमधून येत असे. एक्स्चेंजमध्ये शिसे आणि आम्लाच्या घटांची ४८ व्होल्टची मोठी बॅटरी रांगेने मांडलेली असे, तिच्या जोडीला जनरेटर असे आणि तिची निगा राखणारा कर्मचारीवर्ग असे. ग्राहकाच्या घरातील यंत्राला बॅटरी नव्हती. बॅटरी संस्थेकडे होती.

ती व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. खांब पडले, तारा तुटल्या की तोही फोन मुका होई आणि दुरुस्तीला महिने लागत. शिवाय तो गावात मोजक्याच घरी असे. मोबाइलने संपर्क सर्वांच्या हाती आणला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु या स्थित्यंतरात एक बदल न बोलता झाला. वीज साठवण्याच्या जबाबदारीचा निम्मा भाग संस्थेकडून नागरिकाकडे आला. आपला फोन चार्ज करून ठेवणे ही आता आपली जबाबदारी. उरलेला निम्मा भाग, म्हणजे टॉवर चालू ठेवणे, हा कंपन्यांकडे राहिला; पण तो ग्राहकाला दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी जाबही विचारीत नाही. मोबाइल घेताना आपण बॅटरी किती एमएएचची, हे विचारतो. आपल्या गावातील टॉवरची बॅटरी किती तासांची, हे आपण विचारीत नाही आणि कुणी सांगतही नाही. घरोघर आलेल्या फायबरच्या इंटरनेटचीही हीच गत आहे. घरातील मोडेमला वीज नसेल, तर काचेच्या तारेतून काहीच येत नाही.

शहरात हा प्रश्न जाणवत नाही, कारण शहरातला अंधार लांबत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात मोठा वीजबिघाड झाला, लोकलगाड्या थांबल्या, साऱ्या देशात त्याची बातमी झाली. परंतु बहुतेक भागांत काही तासांत वीज परतली. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कित्येक दिवस आणि काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे अंधार होता. बॅटरीच्या भाषेत सांगायचे तर काही तास आणि काही आठवडे हे एकाच प्रश्नाचे लहान-मोठे आकार नाहीत. ते दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याला मोठी बॅटरी हे उत्तर आहे. दुसऱ्याला नाही.

वीस टन बॅटरी की सव्वा पिंप डिझेल?

हे विधान आकड्यांनी पडताळून पाहता येईल. एखाद्या टॉवरवरील यंत्रणेला सतत ३ किलोवॉट वीज लागते आणि पायथ्याशी ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-तासांची बॅटरी आहे, असे समजू. तिच्यात सुमारे २९ युनिटे वीज मावते. बॅटरीचे आयुष्य जपायचे तर त्यातील २३ युनिटे वापरता येतील. म्हणजे टॉवर साडेसात तास चालेल. दुपारी वीज गेली, तर रात्री टॉवर बंद.

आता हाच टॉवर दहा दिवस केवळ बॅटरीवर चालवायचा ठरवले, तर ७२० युनिटे साठवावी लागतील. शिसे-आम्लाच्या बॅटरीत एका किलोमागे साधारण ३५ वॉट-तास ऊर्जा मावते. त्या हिशेबाने त्या टॉवरखाली वीस टन बॅटऱ्या ठेवाव्या लागतील. लिथियमच्या घेतल्या तरी वजन चार-पाच टनांच्या खाली येणार नाही आणि किंमत अवाक्याबाहेर जाईल. टॉवरखालच्या बॅटऱ्या आणि डिझेल चोरीला जाण्याचे प्रकार देशभर घडत आले आहेत, हेही विसरून चालणार नाही. याउलट तेवढीच वीज लहान जनरेटरमधून मिळवायला सुमारे २४० लिटर, म्हणजे सव्वा पिंप डिझेल पुरते. प्रश्न ते पिंप वेळेवर टॉवरपाशी पोहोचण्याचा आहे. वादळानंतर रस्ते मोकळे करताना आधी कोणता रस्ता, हे ठरवताना टॉवरकडे जाणारा रस्ता त्या यादीत आहे का, हा बॅटरीच्या आकाराहून महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

याखेरीज एक तिसरा मार्ग आहे आणि तो सर्वांत स्वस्त आहे. तो म्हणजे खर्च कमी करणे. संकटाच्या दिवसांत टॉवरने चित्रपट पोहोचवण्याची गरज नसते. बोलणे आणि लघुसंदेश एवढे चालू राहिले तरी पुष्कळ झाले. तीन-चार कंपन्यांनी आपापली यंत्रणा एकाच खांबावर एकाच वेळी चालू ठेवण्याचीही गरज नसते. एका कंपनीचे जाळे चालू ठेवून बाकीच्यांच्या ग्राहकांना त्यावर सामावून घेता येते. या व्यवस्थेला 'इंट्रा-सर्कल रोमिंग' म्हणतात. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' वादळ गुजरातेत आले, तेव्हा दूरसंचार विभागाने ती सुरू केली होती. याच पद्धतीने वर घेतलेल्या टॉवरचा भार ३ किलोवॉटवरून अर्ध्या किलोवॉटवर आणता आला, तर तीच बॅटरी साडेसात तासांऐवजी जवळपास दोन दिवस चालेल. एक घटही न वाढवता टॉवरचे आयुष्य सहापट होईल आणि त्या दोन दिवसांत डिझेलची गाडी पोहोचवता येईल.

समुद्रावरचा धडा

काटकसरीने काळ वाढतो, हे जमिनीवर अजून शिकायचे आहे. समुद्रावर ते केव्हाच सिद्ध झाले आहे. जहाजांवर संकटसूचक रेडिओ यंत्र ठेवतात. जहाज बुडाले की ते पाण्यावर तरंगत उपग्रहाकडे हाक पाठवते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याची बॅटरी किमान ४८ तास चालली पाहिजे. एवढे लहान यंत्र दोन दिवस कसे चालते? ते सुमारे ५० सेकंदांतून एकदा, जेमतेम अर्धा सेकंद बोलते. बोलताना ५ वॉट शक्ती लावते आणि उरलेला वेळ गप्प राहते. त्यामुळे प्रक्षेपणावरचा सरासरी खर्च एका वॉटच्या विसाव्या हिश्शाएवढाच येतो. समुद्रातील तरंगते दीप सतत न जळता उघडझाप करतात, त्याने त्यांची ओळख पटते आणि वीजही वाचते. बॅटरी मोठी न करता काळ वाढवण्याची कला ती हीच.

मच्छीमारांसाठी इस्रोने असेच संकटसूचक यंत्र तयार केले. ते २०१० पासून वापरात आहे. देशभरात अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरात असल्याचे इस्रोने २०२४ च्या जानेवारीत सांगितले आणि त्याच वेळी त्याची दुसरी पिढी सादर केली. पहिल्या यंत्रातून फक्त हाक जात असे. ती कुणी ऐकली की नाही, हे बुडणाऱ्याला कळत नसे. नव्या यंत्रात 'हाक पोहोचली' अशी पावती परत मिळते. भर समुद्रात वल्ह्याला धरून राहिलेल्या माणसाला त्या एका ओळीचे मोल काय, हे सांगायला नको. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने 'जेमिनी' हे छोटे उपकरणही आणले. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे मोबाइलचे जाळे पोहोचत नाही. तेथे हे उपकरण उपग्रहाकडून हवामानाचा इशारा घेऊन तांडेलाच्या फोनवर देते.

ही यंत्रे अस्तित्वात आहेत. करंजा, रेवस, बोडणी, थळ, साखर-आक्षी, एकदरा, राजपुरी, भरडखोल आणि श्रीवर्धनचे जीवना बंदर, या साऱ्या ठिकाणच्या प्रत्येक लहान होडीत ती आहेत का, चालू स्थितीत आहेत का आणि त्यांची बॅटरी मुदतीत आहे का, हा खरा प्रश्न आहे. २०२५ च्या जुलैत उरणच्या मच्छीमारांची होडी खांदेरीजवळ बुडाली. आठ जणांपैकी पाच जण पोहत किनाऱ्याला लागले. तिघे परतले नाहीत. अशा वेळी खिशातला मोबाइल, त्याची बॅटरी कितीही मोठी असो, खाऱ्या पाण्यात पहिल्या काही मिनिटांतच निकामी होण्याचा संभव असतो. माणसाच्या अंगावर, जीवरक्षक जाकिटाला बांधलेले, पाण्यात चालणारे छोटे यंत्र त्याहून मोलाचे. अशा यंत्रांची बॅटरी मोठी नसते. ती न उघडता वर्षानुवर्षे राखून ठेवलेली असते. राखून ठेवण्याची ही शिस्त कुणाच्या तरी नावावर लावून द्यावी लागते. मच्छीमार सोसायटी, मत्स्यव्यवसाय खाते आणि बंदर विभाग यांपैकी ती कोणाची, हे स्पष्ट नसेल, तर यंत्र असूनही नसल्यासारखेच.

छपरावरचे ऊन, घरात अंधार

जमिनीवर चार्जिंगचा प्रश्न सौर ऊर्जेने सुटेल, असे आता सर्रास म्हटले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेमुळे छपरावर पॅनेल बसवण्याकडे कल वाढला आहे. हे स्वागतार्ह आहे. मात्र येथेही एक गैरसमज दूर केला पाहिजे. वीजजाळ्याशी जोडलेला आणि सोबत बॅटरी नसलेला सौर संच वीज गेली की आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. त्यामुळे छपरावर लख्ख ऊन असूनही घरात अंधार, अशी स्थिती येते. संकटकाळासाठी सौर संच हवा असेल, तर त्याला बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर लागतो.

प्रत्येक घराला हे परवडणार नाही. पण प्रत्येक गावाला परवडू शकते. एक किलोवॉटचे पॅनेल आणि पाच युनिटांची लोह-फॉस्फेट पद्धतीची लिथियम बॅटरी जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बसवली, तर काय साधेल? एक फोन भरायला नासाडी धरून २५ वॉट-तास लागतात. म्हणजे भरलेल्या बॅटरीतून दोनशे फोन चार्ज होतील. पावसाळी आभाळात पॅनेलमधून दिवसाला दोन युनिटेच मिळाली, तरी रोज ऐंशी फोनांची सोय होईल. एवढ्यात लहान वाडीचे भागते. लोह-फॉस्फेट बॅटरीत ऊर्जा तुलनेने कमी मावते, पण ती सहसा पेट घेत नाही आणि दोन हजारांहून अधिक वेळा चार्ज करता येते. जी हातात बाळगायची नाही, तिला थोडे वजन असले तरी बिघडत नाही.

या साध्या सोयीची गरज पुन्हा पुन्हा दिसली आहे. 'निसर्ग'नंतर वर्ष उलटण्याच्या आतच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले. दोन महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड पाण्याखाली गेले आणि २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुरामुळे वीज आणि संपर्क तुटलेल्या त्या तालुक्यात एक गाव गाडले गेल्याची खबर बाहेर पोहोचणे हीच मोठी अडचण होती. अशा वेळी मदतीचा पहिला तास बॅटरीवर अवलंबून असतो. पण ती बॅटरी बाधितांच्या खिशातली नव्हे.

काय करता येईल?

वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे काम राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून अलिबाग शहरात हाती घेण्यात आले, ही योग्य दिशा आहे. खांब पडणारच नसेल, तर बॅटरीची परीक्षाही होणार नाही. परंतु डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या असलेल्या दक्षिण रायगडात प्रत्येक तार जमिनीखाली नेणे नजीकच्या काळात शक्य नाही. तोवर चार गोष्टी करण्यासारख्या आहेत.

किनारी तालुक्यांतील टॉवरना किमान किती तासांची राखीव वीज हवी, याचा दंडक असावा आणि प्रत्येक टॉवरची स्थिती जिल्हा प्रशासनाने पावसाळ्यापूर्वी तपासून जाहीर करावी. नालेसफाईचा अहवाल प्रसिद्ध होतो, तसा हाही व्हावा. दुसरे म्हणजे, वादळाचा इशारा मिळताच इंट्रा-सर्कल रोमिंग आणि टॉवरचा कमी भार यांची तयारी आधीच असावी. संपर्क तुटल्यावर आदेश काढण्यात अर्थ नाही. तिसरे, प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीत बॅटरीसह सौर चार्जिंगची एक जागा असावी आणि तिची किल्ली कोणाकडे, हे गावाला ठाऊक असावे. चौथे, प्रत्येक होडीतील संकटसूचक यंत्राची तपासणी परवान्याच्या नूतनीकरणाशी जोडावी.

यावर कंपन्या खर्चाचे कारण पुढे करतील आणि ते अगदीच खोटे नाही. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळासाठी रोजचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न रास्त आहे. परंतु रायगडने २०२० आणि २०२१ या दोनच वर्षांत दोन वादळे आणि एक महापूर पाहिला आहे. शिवाय हा खर्च आजही कुणीतरी सोसतोच आहे. तो दीड-दोन हजारांच्या पॉवर बँकेच्या, इन्व्हर्टरच्या आणि मोठ्या बॅटरीच्या नव्या फोनच्या रूपाने प्रत्येक घर आपापल्या परीने करते. किहीम, नागाव, आवासच्या बंगल्यांत तो सहज होतो; भरडखोलच्या कोळीवाड्यात होत नाही. सार्वजनिक उणीव खासगी खरेदीने भरून काढण्याची ही रीत आपल्याला पाण्याच्या टाकीपासून खासगी शिकवणीपर्यंत सवयीची झाली आहे. फरक एवढाच, की पाण्याची टाकी निदान आपली तहान भागवते. संपर्काचे तसे नाही. संपर्काला दोन टोके लागतात आणि मधला टॉवर लागतो. एका टोकाची बॅटरी कितीही मोठी केली, तरी दुसऱ्या टोकाला आई आणि मध्ये मुका टॉवर असेल, तर ती मोठी बॅटरी आपल्याला फक्त अधिक वेळ वाट पाहायला लावते.

पुढच्या पावसाळ्याआधी नवा फोन घेताना दुकानदाराला बॅटरी किती एमएएचची, हे जरूर विचारावे. पण त्याच सुमारास गावच्या ग्रामसभेत, आपल्या आमदाराला, जिल्हाधिकारी कार्यालयाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : आमच्या टॉवरची बॅटरी किती तासांची? ज्या दिवशी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळू लागेल, त्या दिवशी पहिला प्रश्न विचारण्याची निकड बरीच कमी झालेली असेल.